लंगड्या गाढवीचं भांडण

मी पत्रकं लिहीत वाढले. पत्रकाचा एक नियम असतो. पहिल्या दोन ओळींत शत्रू कोण ते सांगायचं, तिसऱ्या ओळीत मागणी करायची आणि शेवटी उद्गारचिन्ह ठोकायचं. या प्रकरणाला तो नियम लावून बघितला, लागत नाही. माझ्या अकरावी-बारावीच्या आसपासची ही हकिकत एका गाढवीपासून सुरू होते, आणि ती गाढवी मी जन्मायच्या कितीतरी आधी मेली. किती आधी, हाच तर वाद.

आम्ही कैकाडी. हे वाक्य मी आता व्यासपीठावरून, माइक हातात घेऊन, पुढच्या रांगेतल्या साहेबांच्या डोळ्यांत बघत म्हणते. तेव्हा कुंडलला आमच्या घरात ते कुजबुजल्यासारखं बोललं जायचं. घर गावाच्या कडेला, द्राक्षबागा सुरू होतात तिथं. पुढं पत्र्याची पडवी. पडवीत आज्जी पाय पसरून बसायची, मांडीवर ओलं गोणपाट आणि शेजारी भिजवलेल्या निरगुडीच्या काड्यांचा भारा. काडी दातात धरून तिची साल सर्रकन ओढायची, तो आवाज माझ्या लहानपणाचा आवाज. दुसरा आवाज आमच्या टेम्पोचा. माझे वडील, अण्णा, बाजारोबाजार प्लॅस्टिकच्या बादल्या आणि टब विकायचे, आणि त्यांनी स्वतःच्याच आवाजात ध्वनिफीत करून घेतली होती: बादली घ्या, टब घ्या, न फुटणारं घ्या. सकाळी टेम्पो सुरू करताना ती चुकून वाजायची आणि पडवीतून आज्जी ओरडायची, "न फुटणारं! कणगी कवा फुटली हुती का रं?" धान्य साठवायची माणसाएवढी कणगी विणणारी बाई ती. तिच्या पोरानं प्लॅस्टिक विकावं, हे तिच्या मते कलियुग. पण टेम्पोवरच घर चालायचं, हे तिलाही माहीत होतं. म्हणून ती फक्त सकाळी चिडायची. संध्याकाळी अण्णा परत आले की चुलीवरची भाकरी, शेंगदाण्याचा खर्डा आणि आईनं केलेला अख्खा मसूर, असं सगळं एका परातीभोवती बसून खाताना कलियुग कुणाच्या लक्षात नसायचं.

आमची एक बोली होती. मराठीशी तिचं काही नातं नाही, ती पार दक्षिणेकडून आमच्या गाढवांच्या पाठीवरून इकडं आली. सगळ्या जमातीत ती संपली असं मी म्हणत नाही. पंढरपूर-सोलापूरकडं गेलात तर घरंच्या घरं तिच्यात बोलताना आजही ऐकू येतील. पण आमच्या घराण्याच्या वळणानं ती बोलणारी माणसं एकेक करून गेली होती. आणि त्या बोलीला दोन कायदे होते. पहिला, परक्यासमोर बोलायची नाही. हा कायदा कुणी केला ते सांगते. इंग्रजांनी आमच्या आख्ख्या जमातीवर गुन्हेगार असा शिक्का मारला, इंग्रज गेले, कायदा गेला, शिक्का फौजदारांच्या आणि मास्तरांच्या डोक्यात राहिला. अण्णा पहिलीत असताना त्यांच्या तोंडून एक शब्द निसटला, तर मास्तरांनी "चोरांची भाषा" म्हणून त्यांना वर्गाबाहेर उन्हात उभं केलं. त्या दिवसापासून आजोबांनी घरात सांगून टाकलं, पोरांशी मराठीच बोलायचं. म्हणजे ज्या भाषेतल्या इशाऱ्यांनी आम्हाला पोलिसांपासून वाचवलं, तिच्यापासूनच पोरांना वाचवायची वेळ आली. याचा राग मी अजून सोडलेला नाही, सोडणारही नाही.

दुसरा कायदा मला जास्त टोचायचा. मोठ्या माणसांत, आपल्या माणसाशी बोलीतच बोलायचं. कुणी आपल्याच माणसाशी घरात बसून मराठीत बोललं, तर त्याचा अर्थ, तुझं-माझं नातं मिटलं. शिवी परवडली, पण "या, बसा, चहा घ्या" हे मराठीतून ऐकणं म्हणजे तोंडावर दार लावून घेणं. आता बघा, आज्जी माझ्याशी जन्मभर मराठीत बोलायची. माझ्या भल्यासाठी, हे मला माहीत होतं. तरी कोंबडीला ती बोलीत हाकलायची, गाढवीला एकेकाळी बोलीत गोंजारायची आणि मला मात्र "स्वाते, च्या पी." कोंबडी घरची आणि मी पाहुणी.

अकरावीत असताना अण्णांच्या फोनवर मी एक चित्रफीत पाहिली. दक्षिण अमेरिकेत, कुठल्याशा नदीकाठच्या जंगलात, दोन म्हाताऱ्या बहिणी एका ओट्यावर बसलेल्या. त्यांच्या लोकांची भाषा आता फक्त त्या दोघींना येते, असं खाली लिहिलेलं होतं. एक बोलत होती, दुसरी मान हलवत होती, आणि मग दोघी एकदम हसल्या. काय बोलल्या ते जगात तिसऱ्या कुणाला कळलं नाही. मी ढसाढसा रडले. रडून झाल्यावर लगेच पत्रक लिहायला बसले. मथळा होता, "जगाला जाब विचारा!" ते पत्रक मी कॉलेजच्या स्नेहसंमेलनात भाषण म्हणून ठोकलं, टेबलावर मूठ आपटून. बक्षीस दुसरं मिळालं. पहिलं पाणी वाचवा या विषयाला गेलं. पाणी तर वाचवायलाच हवं, पण ती मुलगी भाषणात तीन वेळा पाणी प्यायली, हेही इथं नोंदवून ठेवते.

घरी येऊन मी ती चित्रफीत आज्जीला दाखवली आणि पत्रकही वाचून दाखवलं. आज्जीनं पत्रक कानाआड केलं. फोन मात्र तिनं हातात घेतला, काडीच्या रंगानं काळवंडलेल्या बोटांनी, आणि त्या दोघी म्हाताऱ्यांकडं कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ह्या दोघी एकमेकीसंगं बोलत्यात न्हवं?"

मी म्हटलं, व्हय, पण दोघीच उरल्यात.

"दोघी लय झाल्या," आज्जी म्हणाली. "बोलाया तोंड एक लागतं आन ऐकाया कान दुसरा. ह्यांची कुटं मेली भाषा? मेली आमची. मला कान न्हाई."

खरं म्हणजे तिला कान होता. तो कऱ्हाडजवळ मलकापूरला होता आणि त्या कानाशी तिचं हाडवैर होतं. कोंडाआत्या, म्हणजे आजोबांची धाकटी बहीण, आज्जीची नणंद. कोंडाआत्याच्या लग्नात माहेरकडून एक गाभण गाढवी द्यायची ठरली होती. गाढवी म्हणजे त्या काळी आमच्यात पोरीच्या पायावर उभं राहायचं साधन, तिच्या पाठीवर टोपल्या लादल्या की संसार निघाला. निवड आज्जीनं केली. गाढवी सासरी पोहोचली ती लंगडत. कोंडाआत्याचं म्हणणं, भावजयीनं मुद्दाम लंगडी दिली आणि ती महिन्यात मेली. आज्जीचं म्हणणं, गाढवी धडधाकट होती, वाटेत घाटात पाय मुरगळला, आणि ती तीन वर्षं जगली, दोन शिंगरं दिली. हे भांडण कितीतरी वर्षं बोलीत झालं, म्हणजे प्रेमात झालं. मग एका दिवाळीत कोंडाआत्या काहीतरी लागट बोलली आणि आज्जीनं तिला मराठीत उत्तर दिलं. संपलं. आजोबा गेले तेव्हा कोंडाआत्या आली होती, मी सहा-सात वर्षांची असेन. आज्जी तिला म्हणाली, "बसा ताई." ती म्हणाली, "नको, निघते मी." मला वाटलं किती अदबशीर बाया आहेत. पडवीत बसलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी मात्र माना खाली घातल्या.

बारावीची परीक्षा होऊन मी नुसती खात-झोपत होते, तेव्हा मलकापूरहून फोन आला. सदाकाकाचा, कोंडाआत्याच्या मुलाचा. त्याचा तिथं मंडप डेकोरेशनचा धंदा, हायवेलगत, दाराशी नेहमी खुर्च्यांच्या थप्प्या आणि झालरींचे गठ्ठे. तो अण्णांना म्हणाला की आईला झटका येऊन गेला, दवाखान्यातून घरी आणलंय, उजवा हात गेलाय, आणि तिच्या अंगात देवी आली आहे. अण्णांनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडं बघितलं. सदाकाका सांगत होता की आई अखंड काहीतरी मंत्रासारखं बोलते, कुणाला कळत नाही, अन्नाला शिवत नाही, साबुदाणा दिला तर थुंकते. गल्लीतल्या लोकांनी ओळखलं की देवीच आहे. नारळ यायला लागलेत. पण आई वाळत चाललीय, तुम्ही येऊन जावा.

आज्जी पडवीतून सगळं ऐकत होती. आम्हाला वाटलं येणार नाही म्हणेल. तिनं काड्यांवर गोणपाट टाकलं, मिश्री लावली, तोंड धुतलं आणि इरकली लुगडं काढलं. "मरायच्या आदी तिला एकदा सांगायचं हाय," ती म्हणाली. काय सांगायचंय हे आम्हाला न सांगता कळलं. गाढवीचंच.

आम्ही टेम्पोनं गेलो. पुढं अण्णा आणि आज्जी, मागं बादल्यांत आई आणि मी. ताकारीवरून कृष्णा ओलांडली, हायवेला लागलो. एका खड्ड्यात टेम्पो आदळला आणि ध्वनिफीत सुरू झाली ती काही बंद होईना, त्यामुळं मलकापूरच्या त्या देवीच्या गल्लीत आमचा प्रवेश "न फुटणारं घ्या" अशा गजरात झाला. दारापुढं सदाकाकानं मंडपच घातला होता. धंद्यातला माणूस, त्याला कुठलीही अडचण आली की तो आधी मंडप घालतो. लाल-पिवळी झालर, खुर्च्यांच्या रांगा, रांगेत बायका हळदीकुंकवाची ताटं घेऊन बसलेल्या. आत खोलीत इतका ऊद पेटलेला की मला शिंकच आली. कॉटवर कोंडाआत्या. गळ्यात झेंडूचा हार, कपाळभर मळवट, आणि हाराखाली जे काही होतं ते इतकंसं झालेलं.

आज्जी उंबऱ्यात उभी राहिली. कोंडाआत्यानं मान वळवली, तिला बघितलं आणि तोंडातून बोली निघाली. घरभर माणसं असताना, मोठ्यानं.

आज्जीचा चेहरा असा फुलला की मला वाटलं ती नाचते आता. ती आईच्या कानाशी लागून म्हणाली, "हरली. आदी तीच बोलली." बारा-पंधरा वर्षांचं मराठीतलं बोलणं कोंडाआत्यानं मोडलं, नातं पुन्हा मागितलं, असा तिचा समज झाला. आणि जिंकलेल्या माणसानं लगेच विरघळू नये, म्हणून ती खुर्चीत ऐसपैस बसली, पदर सारखा केला आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "कसं काय ताई? बरं हाय न्हवं?"

कोंडाआत्या तिच्याकडं बघत राहिली. परत बोलीत काहीतरी म्हणाली. आज्जीनं परत मराठीत विचारलं, च्या झाला का. तिला गंमत येत होती. तेवढ्यात मंगलकाकू, सदाकाकाची बायको, साबुदाण्याची बशी घेऊन आली आणि कोंडाआत्यानं तिला बोलीत झाडलं. शेजारचे तात्या डोकं टेकवायला आले, त्यांनाही बोलीत. मग भिंतीकडं तोंड करून, तिथं तर कुणीच नव्हतं, तरी बोलीतच. मी आज्जीकडं बघत होते. तिच्या तोंडावरचं हसू हळूहळू विझलं. नणंद तिच्याशी सलोखा करत नव्हती. नणंदेजवळ दुसरी भाषाच उरली नव्हती.

इथं डॉक्टरणीबद्दल सांगायला हवं, कारण माझ्या पत्रकांत डॉक्टर नेहमी दोषी असतात. ही नव्हती. कऱ्हाडच्या दवाखान्यात तिनं सदाकाकाला नीट विचारलं होतं, घरात कोणती भाषा बोलता? सदाकाका म्हणाला, मराठी. तिनं परत विचारलं, दुसरी कुठली? तो म्हणाला, छे. झटक्यानं नंतर शिकलेली भाषा पुसून जाते आणि आईच्या दुधाबरोबरची राहते असं कधीकधी होतं, हे तिला ठाऊक होतं, म्हणून तर तिनं दोनदा विचारलं. त्यानं लपवलं. मलकापुरात जागा घेताना त्यानं जात लपवली होती, आणि जातीबरोबर आईची जीभही लपवून ठेवली. त्याला मी शिव्या देऊ का? सांगा तुम्ही. उन्हात उभं केलेलं पोरगं पन्नाशीचं झालं तरी उन्हातच उभं असतं.

कोंडाआत्यानं परत आज्जीकडं बघितलं आणि या वेळी एकच शब्द म्हणाली. आज्जी खुर्चीवरून उठली. पदर डोक्यावरून घेतला, आयुष्यभर ज्या परक्यांपासून बोली लपवली त्यांच्या गर्दीत उभी राहिली आणि खणखणीत आवाजात बोलीत बोलली. नंतर मला तिनं सांगितलं, "तन्नी म्हणली ती. पाणी. नुसतं पाणी मागत हुती आन मी तिला बरं हाय का म्हणत बसले."

मी ते दोन आवाज एकत्र पहिल्यांदा ऐकले. एकट्या आज्जीची बोली मला माहीत होती, कोंबड्यांवर ओरडतानाची, तुकड्यातुकड्यांची. ही वेगळी होती. एकीचं वाक्य संपायच्या आत दुसरी त्यात काडी घालायची, पहिली ती काडी वळवून परत बाहेर काढायची, टोपलीचा तळ विणतात तसं. आज्जीचे हातही वेगळे हलत होते. आज्जीनं पाणी पाजलं, तोंड पुसलं आणि मग ती वळली. गल्ली दारापाशी गोळा झाली होती. दारात तात्या होते, त्यांनी विचारलं, "आज्जी, ही कंची भाषा म्हणायची?"

सदाकाकाचा चेहरा पांढरा पडला. मला तोंडापर्यंत आलेलं आख्खं पत्रक गिळावं लागलं, कारण आज्जी एकच शब्द बोलली.

"आमची."

आणि तिथून तिनं भाषांतर सुरू केलं. ती म्हणते, हा हार काढा, मी अजून मेलेली नाही. ती म्हणते, उदानं डोळे चुरचुरतात. ती म्हणते, साबुदाण्यापेक्षा भिंतीचा चुना बरा. मंगलकाकूचा चहा म्हणजे उसाचा रस असतो, असं ती रोज सांगते आणि रोज तुम्ही हात जोडता. बायकांच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. मग आज्जी तात्यांकडं वळली. तात्या गेले आठ दिवस सकाळी येऊन डोकं टेकवत होते, पोराच्या नोकरीसाठी. आज्जी म्हणाली, "तुमास्नी ती रोज एकच सांगती. सुतळीची बाज न्हेली हुती ती कवा आणून देणार?"

तात्या लाल झाले. आपण काहीतरी वाईट ऐकणार असं मला वाटलं, जातीवरचं, ते नेहमीचं. मूठ आवळून तयार होते मी. तात्या सदाकाकाकडं बघून म्हणाले, "आदी सांगायचं की गड्या. म्हातारी उपाशी ऱ्हायली की रं." आणि बाज आणायला गेले. बाज घेऊन परतही आले, तिच्यावर त्यांची नातवंडं बसलेली. सगळी गल्ली अशी नव्हती. दोन बायका ताटं झाकून निघून गेल्या आणि नंतर त्यांनी मंगलकाकूच्या हळदीकुंकवाला येणं बंद केलं, हेही खरं. त्यांची नावं मला पाठ आहेत. पण तात्यांचं वाक्य मला जास्त पाठ आहे.

सदाकाका मंडपातल्या खुर्चीत जाऊन बसला होता. अण्णा त्याच्याजवळ गेले, मी मागं. तो म्हणाला, "मला पाण्याचा शब्द कळत हुता रं. मी पाणी द्यायचो बी. पन बाकीचं कळतंय आसं मनाला सांगायचंच धाडस झालं न्हाई." सदाकाका लहानपणी शिकायला कुंडलला, मामाच्या घरी होता. तो आणि अण्णा एकाच शाळेत, एकाच मास्तरांच्या हाताखाली शिकले होते. मग अण्णा म्हणाले, "मंडपाचं भाडं लावलंस का देवीला?" आणि सदाकाका रडता रडता हसला.

आज्जीनं आईला बाजारात पिटाळलं. थोड्या वेळानं त्या ऊद भरलेल्या घरात सुके बोंबील भाजल्याचा वास उठला आणि देवीचे उरलेसुरले भक्त नाकाला पदर लावून पांगले. आज्जी भाकरीचा घास करून नणंदेच्या तोंडाशी धरायची. दोन घास खाल्ले की कोंडाआत्या दमायची, तोंड मिटायची. मग आज्जीनं एक युक्ती काढली. ती अगदी सहज, दुसरीकडं बघत, बोलीत एक वाक्य टाकायची. कोंडाआत्याचे डोळे पेटायचे, तोंड उघडायचं, उत्तर यायचं, आणि उत्तराच्या शेवटी आज्जी घास आत सारायची. ते वाक्य काय होतं ते मला आईनं हळूच सांगितलं. आई दुसऱ्या गावची, पण सासूच्या हाताखाली राहून तिला थोडंफार कळायचं. ते वाक्य होतं, "गाढवी चांगली हुती." एका चांगल्या गाढवीवर कोंडाआत्यानं त्या दिवशी आख्खी भाकरी संपवली.

आज्जी परत आलीच नाही, म्हणजे कितीतरी महिने. बागांच्या छाटण्या उरकल्या तेव्हा अण्णा तिला घेऊन आले, आणि मग फोनवर भांडण सुरू झालं. रोज दुपारी मी फोन धरायची, आवाज मोठा करून, आणि पडवीतून आज्जी आणि मलकापूरहून कोंडाआत्या. सदाकाका तिकडं फोन धरायचा. त्याला आता लपवायचं काही उरलं नव्हतं. तो बोलीत बोलायचा ते तीन वर्षांच्या पोरासारखं, आणि त्याची आई त्याच्या चुकांवर हसून त्याला सुधारायची. डॉक्टरणीला त्यानं सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, आधी सांगितलं असतंत तर तुमचा मंडप वाचला असता. मी बोली शिकले ती या फोनवर. आधी शिव्या, मग गाढवाचे अवयव, मग नातेवाइकांचे दोष आणि सगळ्यांत शेवटी गोड शब्द. आजही माझं शब्दभांडार असंच आहे. भाषा वाचवायच्या बैठकांना मी जाते, तिथं पडद्यावर आलेख दाखवतात, भाषादिन साजरे करायचे ठराव होतात. मी उठून सांगते की एक जुनं भांडण शोधा आणि ते मिटू देऊ नका. लोकांना वाटतं मी विनोद करते.

कोंडाआत्या गेली ती झोपेत, रात्री पोटभर जेवून. आज्जी तिथं जाऊन आली आणि पडवीत बसली. काड्या भिजत पडल्या, काळ्या पडल्या, तिनं हात लावला नाही. दुपार झाली की तिचा हात फोनकडं जायचा आणि मधेच थांबायचा. कोंबड्यांनाही ती मराठीत हाकलायला लागली. अण्णांनी मुद्दाम ध्वनिफीत वाजवून बघितली, तिनं कलियुग काढलं नाही. मी ती नदीकाठच्या दोन बहिणींची चित्रफीत पुन्हा शोधून बघितली. दोघी त्याच ओट्यावर, तशाच हसत होत्या. पुढं काय झालं ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

एका दुपारी मी चहा घेऊन पडवीत गेले. आज्जी म्हणाली, "ठिव तितं." मी खाली बसले. हजार माणसांपुढं बोलणं वेगळं आणि एका आज्जीपुढं त्या बोलीत तोंड उघडणं वेगळं. तोपर्यंत मी नुसती ऐकत आले होते. मी वाक्य मनात जुळवलं, मोडलं, परत जुळवलं आणि म्हणून टाकलं. कोंडाआत्याच म्हणायची ते. गाढवी लंगडीच होती.

आज्जीनं मान वर केली. मला वाटलं आता रडेल, किंवा हसेल. तिनं काडीचा भारा एका हातानं बाजूला लोटला, माझ्या नाकासमोर बोट नाचवलं आणि मला बोलीत असं काही झापलं की शेजारच्या बागेतली माणसं छाटणी थांबवून कुंपणाशी आली. निम्मं मला कळलंच नाही. जे कळलं त्यात माझ्या अकलेचा, माझ्या कॉलेजचा आणि कोंडाआत्याच्या सासरच्या सात पिढ्यांचा उद्धार होता, आणि तीन वर्षं आणि दोन शिंगरं होती. जन्मात पहिल्यांदा आज्जी माझ्याशी मराठीत बोलत नव्हती. मी तशीच बसून ऐकून घेतलं. तिचा श्वास संपला तेव्हा मी म्हटलं, महिन्यात मेली.

चहा गार झाला. आम्ही अजून गाढवीवर एकमत केलेलं नाही.